दाबाखालचा लझानिया

बाइंडरकाकांच्या तोंडून आभाराचा शब्द आजवर कोणी ऐकला नव्हता. माणूस वाईट नव्हे. चहा हातात आला की मान हलवायची, त्यात सगळं आलं असा त्यांचा समज. जन्मभर पुस्तकांना पुठ्ठे चढवले. पुस्तकं काही उलट बोलत नाहीत, त्यामुळे सवयही लागली नाही.

सहा महिन्यांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. तेव्हापासून व्यायामाच्या बाई आठवड्यातून तीनदा येत. वयाने लेकीएवढ्या, पण चिकाटी अशी की दगडालाही चालवतील. काकू पुन्हा चमचा धरायला लागल्या, दारापर्यंत जायला लागल्या, चार शब्द बोलायला लागल्या. आज बाईंचा शेवटचा दिवस होता, आणि काकांना एकच घोर लागला होता: ही पोर नुसती कोरडी जायला नको.

बोलण्याच्या ओघात बाई एकदा म्हणाल्या होत्या, "माझे वडील घरी पास्ता लाटून लझानिया करायचे. विकतच्याला ती चव नाही." काकांनी तेच धरून ठेवलं. तोंडाला जमत नाही ते ताटाने सांगावं.

सकाळीच मैदा आणि अंडी घेऊन ते ओट्याशी उभे राहिले. काकू खुर्चीत बसून एकेक शब्द सावकाश सांगत होत्या. मैदा काकांच्या ओळखीचा, पुठ्ठे चिकटवायची खळ त्याचीच तर शिजवायची. गोळा मळला, पातळ लाटला आणि फुटपट्टी लावून ट्रेच्या मापाच्या पट्ट्या कापल्या. उकळत्या पाण्यात पडताच त्या फुगून मापाबाहेर गेल्या. काकांनी गुमान कडा पुन्हा छाटल्या. मग टोमॅटोचा रस्सा, दुधाचा पांढरा सॉस, चीज, पट्टी, असे थर लावले. ओव्हनमधून ट्रे निघाला तो बघत राहावा असा.

"आता थोडा वेळ... राहू दे," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या.

राहू दे म्हणजे काय, ते बाइंडरला सांगायला नको. थरावर थर चिकटवले की दाबाखाली ठेवायचं, नाहीतर पानं सुटतात. काकांनी वर कागद घातला, कागदावर फळी आणि फळीवर दुकानातली दोन लोखंडी वजनं.

बाई आल्या तेव्हा रस्सा ओट्यावरून खाली ओघळत होता आणि ट्रेमध्ये लझानियाचा जाडसर पुठ्ठा उरला होता. बाहेर आलेल्या काकूंनी कपाळाला हात लावला. काका पुढे झाले.

"बाई," ते म्हणाले, "हे तुमच्यासाठी केलं होतं. चांगलं झालं असतं तर मला बोलावं लागलं नसतं. आता बोलतो. हिला तुम्ही उभं केलंत. रोज सकाळी ही मला हाक मारते ना, तेव्हा मला तुमची आठवण येते. मी तुमचा फार आभारी आहे."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी एक तुकडा मोडला आणि बराच वेळ चावत राहिल्या. "चव आहे, काका," त्या म्हणाल्या. "दातांना जरा काम आहे, इतकंच."

"आणि... माझे आभार?" काकूंनी विचारलं. "चाळीस वर्षं... रांधलं."

"तुझे एका दिवसात व्हायचे नाहीत गं."

"आजचे... मान."

काका खुर्ची ओढून काकूंसमोर बसले आणि त्यांनी आजचे आभार मानले.