काकांच्या परवान्याची सुनावणी

आमचे काका म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, आणि अशा माणसांवर बालंट आलं की ती घरच्यांचा जीव खातात. शिलाई मशीन, फ्रीज, पंखे हप्त्यांनी विकायचं त्यांचं दुकान. त्याला सरकारी परवाना लागतो. तो चौकटीत घालून गल्ल्यामागे टांगलेला. सकाळी दुकान उघडलं की आधी त्याची काच पुसायची, मग बाकीचं. दुसरं कुठलं काम काकांना येतही नव्हतं.

एका गिऱ्हाइकाने तक्रार केली: कोऱ्या करारावर सही घेतली, व्याज मागाहून भरलं. किंमत, व्याज, हप्ते सगळं लिहून झाल्यावरच सही घ्यायची, असा नियम. परवाना रद्द का करू नये, अशी नोटीस आली आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. जेवता जेवता ताटावरून उठायचे. "घाईत एखाद्या वेळी राहिलं असेल भरायचं," एवढंच म्हणायचे, तेही भिंतीकडे बघून. मला शंका आली ती तेव्हाच.

काकूंनी मात्र कंबर कसली. "चार शब्द चांगले बोलणारं माणूस न्यायचं," म्हणत त्यांनी शिलाईवाल्या ताईंना गाठलं. काकांकडूनच एकेक करत तीन मशीन घेऊन ताईंनी आपलं काम वाढवलं होतं. काका "नको गं, कशाला त्यांना त्रास" म्हणत राहिले. काकूंना वाटलं, भिडस्तपणा.

सुनावणीच्या अधिकारीबाई वयाने लहान आणि बोलायला मऊ होत्या. काकांनी घसा खाकरत "एकदाच चूक झाली" म्हणून सांगितलं. एकदाच असेल तर दंडावर भागेल, असं बाई म्हणाल्या. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला, की नखं रुतली.

मग ताई उभ्या राहिल्या.

"मॅडम, तीन मशीन घेतली मी यांच्याकडून, असा माणूस शोधून सापडायचा नाही. आम्हाला कुठे असतो वेळ? आम्ही खाली सही ठोकून मोकळं व्हायचं, वरचं सगळं हे सवडीने भरतात. पण कधी एका पैशाचा फरक नाही!"

"तुमच्या तिन्ही वेळा असंच झालं?"

"तिन्ही वेळा! आणि माझंच काय, आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचं. विचारा कुणालाही!"

बाईंचं पेन भराभर चालायला लागलं. काका मान खाली घालून बसले. मला ताईंचा नाही, काकांचाच राग आला. आणि त्यांचं ते वाकलेलं डोकं बघून रडूही आलं.

ताईंना बाहेर बसायला सांगून बाईंनी निर्णय दिला. परवाना रद्द.

आम्ही बाहेर आलो तशा ताई बाकावरून लगबगीने उठल्या. "बरं बोलले ना हो मी?"

काकूंनी तोंड उघडलं. काकांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"खरं तेच बोललात," ते म्हणाले. "चला, तुमचं काम खोळंबलं असेल."