परचुरे साहेबांच्या गारा

पावसाच्या मापातलं पाणी वाचायचं म्हणजे परचुरे साहेब चिखलात गुडघे टेकायचे. इस्त्रीची पँट असली तरी. डोळा पाण्याच्या रेषेला आणायचे आणि श्वास धरायचे. आमचे मालक म्हणायचे, "देवाम्होरं तरी एवढं वाकत असतील का?"

ते पुण्याचे, हवामानाचे शास्त्रज्ञ. गारपीट आधी कळावी म्हणून त्यांचा अभ्यास चालला होता. तीर्थपुरीजवळ आमच्या शेतात त्यांनी पाऊस मोजायचं यंत्र बसवलं आणि नोंदीची वही मला दिली. मी चौथी शिकलेली. एकदा माहेरी गेले आणि परत येऊन दोन दिवसांचे आकडे मनानंच भरले. त्यांनी बरोबर ओळखलं. "ताई, बघितलं नसेल तर रकाना मोकळा ठेवा. खोटा आकडा मला चालत नाही." तेव्हापासून माझी वही चोख.

शेतात चार ठिकाणी थर्माकोलच्या पाट्याही होत्या, वरून चंदेरी कागद लावलेल्या. गार पडली की कागदाला खळगा पडायचा, त्यावरून गारेचा आकार कळायचा. साहेब वर्षातून चार-पाच वेळा यायचे. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, तरी म्हणायचे, "जाळ आहे नुसता. आणखी वाढा." मी त्यांना घरचं माणूस समजत होते.

आठव्या वर्षी एका बियाणं कंपनीनं मला कांद्याच्या बियाचा प्लॉट दिला. अर्धा एकर, माझ्या नावावर. कांद्याच्या फुलांच्या गोंड्यात काळं बी दिसायला लागलं की गोंडे तोडायचे. या बियाच्या भरवशावर माझी मुलगी मंदा जालन्याला नर्सिंग शिकायला जाणार होती. गोंडे तयार झाले होते. तोडायला बाया परवा येणार होत्या.

त्या दिवशी साहेब न कळवता आले आणि चारही पाट्या बदलायला लागले.

"काय करून राह्यले साहेब? गारा येनार हायेत का? माझे गोंडे उभे हायेत."

"सांगता येत नाही, ताई."

जेवले आणि तीर्थपुरीला मुक्कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दहा मिनिटं गारा पडल्या. लिंबाएवढ्या. गोंडे आडवे झाले, बी चिखलात गेलं. मी बांधावर उभी होते. साहेब धावत आले, पाट्या उचलल्या आणि पट्टीनं खळगे मोजायला बसले. चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा. "ताई, मी काल सकाळीच लिहून ठेवलं होतं. जागा, वेळ, सगळं बरोबर आलं."

"मंग मला का न्हाई सांगितलं? कालच तोडले असते."

पट्टी त्यांच्या हातातच राहिली. "चुकलो असतो तर? गावानं पुन्हा माझं ऐकलं नसतं."

"म्या काय गाव हाय का?"

त्यांनी मान खाली घातली आणि पुढचा खळगा मोजला.

मंदा जालन्याला गेली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न केलं. वही मी चालू ठेवली, काम कबूल केलं होतं म्हणून. साहेबांना जेवायला मात्र पुन्हा वाढलं नाही.

दोन वर्षांनी मला परत प्लॉट मिळाला. गोंडे कोवळे असतानाच साहेब एका सकाळी जीप घेऊन आले. "ताई, उद्या गारा येतील. तोडून घ्या." आम्ही तोडले. ते स्वतः संध्याकाळपर्यंत वाकून तोडत होते. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. तिसऱ्याही दिवशी. बी कच्चं निघालं, कंपनीनं घेतलं नाही.

साहेब आले ते दारातच उभे राहिले. "चुकलो, ताई."

"त्याचं काय न्हाई. तुमी सांगितलं, म्या ऐकलं. दोघं बी चुकलो."

त्यांना जरा धीर आला. "मग मागचंही जाऊ द्या."

"ते न्हाई जायाचं."

मंदा बाळंतपणाला आली होती. आत पाळणा हलवता हलवता तिनं विचारलं, "आई, कोन आलंय?"

"पावसाचा साहेब," मी म्हणाले. "चाललाय."