भोईणीच्या डब्यातले कल्ले

ती घटना आठवली की आजही आधी माझीच चूक आठवते, बाकीचं सगळं नंतर.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गंगाखेडच्या पुढे, गोदाकाठच्या एका बाजाराच्या गावी मी नवा फौजदार होतो. त्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. बाजाराच्या दिवशी दुपारी वर्दी आली, की एका मास्तरांच्या घरची चार माणसं उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात आहेत आणि मास्तरांची आई अत्यवस्थ आहे. सकाळच्या जेवणात मासा होता. मास्तरांच्या बायकोनं जबाब दिला, मासा बाजारातल्या भोईणीकडून घेतला. मी दवाखान्यातून परत येईपर्यंत लोकांनी भोईणीला टोपलीसकट ठाण्यात आणून बसवलंही होतं.

पन्नाशीची विधवा बाई. लग्न होऊन आल्यापासून बाजारात एकाच जागी बसून मासे विकणारी. म्हातारी दगावली तर तीनशे चार-अ, म्हणजे हयगयीनं मृत्यू घडवल्याचं कलम, लागणार होतं. नाही दगावली तरी त्या बाजारात तिच्याकडून पुन्हा कोणी मासा घेणार नव्हतं, आणि हे तिला आमच्याआधी कळलेलं होतं.

मी माळकरी घरातला. नाकाला रुमाल लावून पंचनामा सांगत होतो आणि जमादार लिहीत होते. रोहू जातीचे मासे सात, सडके. विळी एक. तराजू एक. झाकणाचा डबा एक, आत घाण.

"सायेब, सडके म्हणून लिहायलाव, हात लावून बगितला का?" बाईनं विचारलं.

मी तिला गप्प बसायला सांगितलं. आरोपीनं पंचनाम्यात बोलायचं नसतं, असा माझा तेव्हा समज होता. पण ती बाई माझ्या समजाला भीक घालणारी नव्हती.

"वास तर येणारच, मासाच हाय त्यो. बोट दाबून बगा. खड्डा ऱ्हायला तर मला आत टाका."

मी जमादारांकडे पाहिलं. ते घरी मासे खाणारे. त्यांनी अंगठा दाबला, उचलला. मांस लगेच वर आलं. डोळे फुगीर, काचेसारखे स्वच्छ. "साहेब, मासा आजचा आहे," ते हळूच म्हणाले. मघापासून त्यांना ते दिसत होतं. साहेबांनी 'सडके' म्हटल्यावर त्यांनी सडके लिहिलं होतं, इतकंच. ठाण्यात अशी कितीतरी सत्यं साहेबाच्या भीतीनं वहीत जात नाहीत.

मग मी जमादारांना मास्तरांच्या घरी पाठवलं. रात्रीच्या कालवणासाठी तीन मुंडकी राखून ठेवलेली होती, ती आणवली आणि टेबलावर टोपलीतल्या माशांशेजारी ठेवली. मुंडक्यांचे डोळे आत गेलेले, दुधाळ. पण कल्ले लालभडक.

"हे तर लाल आहेत," मी म्हणालो. लाल कल्ला म्हणजे ताजा मासा, एवढं एव्हाना मला समजलं होतं आणि त्याची मला घमेंडही आली होती.

बाईनं ओलं फडकं मागितलं आणि एक कल्ला पुसला. फडकं लाल झालं, कल्ला मातकट पडला.

"रंग दिलाय. डोळ्याला देता येईना म्हणून त्यो तसाच ऱ्हायला. हा बर्फातला शिळा मासा हाय, सायेब. आन् माझा असता तर त्याला कल्ला ऱ्हायला असता का? डबा उघडा की."

मी ज्यात घाण आहे म्हटलं होतं, तो डबा उघडला. आत कल्लेच कल्ले होते. विकलेल्या प्रत्येक माशाचा कल्ला ती आधी गिऱ्हाइकाला दाखवी, मग उपटून डब्यात टाकी, आणि बाजार उठला की गंगेत सोडी. "गंगेचं गंगेला. सासूनं लावून दिलं हाय." गावातल्या कोणालाही विचारलं असतं तर हे सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

मी दवाखान्यात गेलो. मास्तरांच्या बायकोला एकटीला व्हरांड्यात बोलावलं.

"ताई, भोईणीनं कल्ले काढून दिले होते ना?"

"हो, दरवेळी देती की."

मी रुमालातलं मुंडकं तिच्यापुढे धरलं. त्याला कल्ला तसाच होता. ती खाली बसली.

"मागच्या दारी सायकलवाला आला हुता. सस्ता देऊ लागला. आमच्या आत्याबाई भोईणीबिगर कुणाचा मासा घेऊ देत न्हाईत. त्यास्नी कळलं असतं तर..."

एवढ्याशा भीतीपायी ती एका बाईचा जन्म घालवायला निघाली होती. मला राग आला, पण शेजारच्या खोलीत तिची सासू कण्हत होती. मी नवा जबाब घेतला. संध्याकाळच्या आत पाथरीच्या रस्त्यावर सायकलवाला सापडला. पेटीत बर्फ, शिळे मासे आणि रंगाची पुडी. भोईणीला मी स्वतः घरी पोहोचवलं.

म्हातारी तिसऱ्या दिवशी उठून बसली. तरी पुढच्या बाजारी भोईणीसमोर कोणी थांबेना. खरा तपास कागदावर लागला होता, लोकांच्या मनात ती आरोपीच होती. मी गणवेशात जाऊन तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, पंचनामा मी चुकीचा केला. मासा कसा बघायचा ते आज नीट दाखवा." माणसं जमली, पण घेईना कोणी.

तेवढ्यात मास्तरांची आई आली, सुनेच्या खांद्यावर हात टेकून.

"कल्ला दाखव," म्हातारी म्हणाली.

भोईणीनं दाखवला. मग उपटला आणि डब्यात टाकला. डोळ्यांना पदर लावायला तिचे हात मोकळे नव्हते. त्या दिवशी दुपारच्या आत तिची टोपली रिकामी झाली.

पुढे मी खूप वर्षं नोकरी केली, खुनापासून दरोड्यापर्यंत शेकडो पंचनामे केले. वस्तू ओळखू आली नाही तर ज्याची आहे त्याला विचारलं. 'घाण' हा शब्द पुन्हा लिहिला नाही.