जावेच्या दिव्याची रिंग

आमच्या दिव्याच्या शेडला बांधलेली सुतळी तापली की करपट वास येतो, आणि मला नवीन जालन्यातलं ते दुकान आठवतं. थोरल्या जावेच्या टेबल-लॅम्पची शेड होल्डरवर नीट बसत नव्हती. मोटारसायकलवर तो लॅम्प शेडसकट पोटाशी धरून मीच मागं बसले होते. दुकानात आमचे मालक शेड धरून ठेवणारी एकेक रिंग होल्डरवर आवळून शेड हलवून बघत होते. “ही ढिली हाय. वैनीची शेड बराबर बसायला पाह्यजे.” एक रिंग घट्ट बसली, तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला बरं वाटलं. मी म्हटलं, “अहो, आपल्या दिव्यालाबी घ्या की एक.” “आपली बसलीय की सुतळीनं!” परवा ते आपणहून आमच्या दिव्याला रिंग घेऊन आले. मी लावू दिली नाही. रोज दिवा लावताना ती सुतळी त्यांना दिसू दे.