लेथचा खोकला

लोखंड कातणारा लेथ चालू असताना का थरथरतो, यावर मी डॉक्टरेट करत होतो. गणिताचे, भौतिकशास्त्राचे आणि इंजिनीअरिंगचे असे तीन मार्गदर्शक होते आणि त्यांची मतंही तीन होती. शेवटी कंटाळून मी कासारवाडीच्या एका वर्कशॉपमध्ये खरा थरथरणारा लेथ बघायला गेलो.

तिथल्या टर्नरनं चिंधीला हात पुसत विचारलं, "डॉक्टर होनार म्हंता, मग नळी कुठंय?"

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मशीनला टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. आत खरखर चालली होती.

"खोकला हाय. हत्यार लई भायेर आलंय."

मशीन थांबवून त्यानं कापायचं हत्यार बोटभर आत सरकवलं. पुन्हा सुरू केलं, तर थरथर गायब.

"आता तुमी काय करनार?"

"हे असं का झालं, ते शोधणार. चार वर्षं लागतील."

"बऱ्या झालेल्या पेशंटला चार वर्सं?"

पाच लागली. 'हत्यार बोटभर आत घ्यावे' हे प्रबंधातलं शेवटचं वाक्य. तिन्ही मार्गदर्शकांचं एकमत झालं, ते तेवढ्या एकाच वाक्यावर.