आमच्या दाजींना देव कायम ‘थांब’च म्हणायचा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेवगावात माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला पाइप कापून देत होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अशा वेळी माणसानं मटकन खाली बसावं, डोळे पुसावेत... माझ्या तोंडातून निघालं, “गेले? देवाला न विचारताच?” गिऱ्हाईक पाइप तिथंच टाकून निघून गेलं. जाईना का. त्या माणसाबद्दल दुसरं काही माझ्या तोंडात येणं शक्यच नव्हतं.

दाजींचं गाव पारनेर तालुक्यातलं. टेकडीवर देऊळ आणि देवळात कलिंगडाएवढा एक गुळगुळीत दगड. मनात प्रश्न धरून त्याच्यावर दोन्ही तळवे टेकवायचे. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, आणि जागचा हललाच नाही तर ‘थांब, अजून वेळ आली नाही’. नियम एकच, ज्याचा प्रश्न त्याचेच हात. साऱ्या गावाच्या हाताखाली तो दगड भोवऱ्यासारखा गरगरायचा. दाजींच्या हाताखाली जन्मात हलला नाही. शाळेत जाऊ का म्हणून विचारलं, देव म्हणाला थांब. चौथीच्या वर्गात बसले तेव्हा त्यांना मिशी फुटली होती आणि गुरुजी त्यांना अहो-जाहो करायचे. वाटाणा पेरू का, थांब. त्यांचा वाटाणा बाजारात यायचा तोवर तालुका उसळ खाऊन खाऊन आजारी पडलेला असायचा. माझ्या लग्नाला निघू का, थांब. आले तेव्हा मांडववाले बांबू मोजत होते आणि दाजी अक्षता शोधत होते. म्हातारपणी कवळीचं विचारलं, तर देवानं ठरवेपर्यंत हिरड्याच भाकरी मोडण्याइतक्या टणक झाल्या. आणि प्रत्येक वेळी आभाळाकडं बघून एकच, “त्येच्या टायमाला त्यो करतोय बराबर.” मला असल्या माणसांचा मनापासून तिटकारा. अंगात धमक नसली की देवाला पुढं करतात!

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण अक्काच्या संसाराला नऊ वर्षं झाली, मूल नव्हतं, आणि तिच्या सासूनं दुसरी मुलगी बघून ठेवली. फक्त देवाचा होकार घ्यायचा बाकी. मी तेव्हा कॉलेज सोडलेला, दंडात बैलाची ताकद. तावातावानं गेलो. अक्का देवळाच्या पायरीवर बसलेली, मांडीवर तिच्या चार लुगड्यांचं बोचकं. दगड उजवीकडे फिरला की उठायचं आणि माहेरची वाट धरायची, एवढंच तिला ठाऊक. दाजी दगडापुढं बसले. पौषातली थंडी, माझे दात वाजत होते आणि ह्या गृहस्थाच्या कपाळावरून घामाच्या धारा.

“बघ तुझा वाघ,” मी अक्काच्या कानाशी म्हणालो, “भिऊन आंघोळ झाली.”

दगड हलला नाही.

“देव थांब म्हंतोय, आये.”

“परत लाव हात,” सासू कडाडली.

परत लावला. परत तेच. पुढं पाच वर्षं, दर यात्रेला, ती माउली लेकाला त्या दगडापुढं बसवायची आणि देव थांब म्हणायचा. शेवटी सासूच थांबली कायमची. मूल झालंच नाही, दुसरी बायकोही आली नाही.

एकदा मी दाजींना भर ओट्यावर सुनावलं, “दाजी, सरळ न्हाई म्हनायला काय धाड भरलीय तुमाला? दगडाच्या मागं लपता?”

ते पानाला चुना लावत म्हणाले, “पाव्हणं, तुमी लई घाईत.”

बस्स. ह्यापलीकडं त्या माणसाकडून मला कधी उत्तर मिळालं नाही.

तेरावं झालं त्या दिवशी भावकीनं शोक काय तो आवरता घेतला. जिलबी संपायच्या आत पुतण्या बबन म्हणाला, “काकूनं आता माहेरीच जावं. हितं एकटी काय करनार? देवाला इचारून घेऊ.” देवाचा केवढा तो कळवळा! टेकडीच्या पायथ्याशी त्याचा टेम्पो आधीच उभा, आत अक्काची वळकटी बांधून ठेवलेली. देवळात हातही तोच लावायला निघाला.

“माझा सवाल हाय, बबन,” अक्का म्हणाली. “सरक.”

ती बसली. तळवे टेकले. मी अगदी शेजारी उभा होतो. दगड थरथरला, उजवीकडं सरकायला बघत होता... आणि मला अक्काचे अंगठे दिसले. दगडाच्या बुडाशी, नखं पांढरी फटक पडेपर्यंत दाबलेले. कपाळावरून घाम.

“देव थांब म्हंतोय,” ती म्हणाली. बबनचं तोंड गिळलेली जिलबी घशात उलटी फिरावी तसं झालं.

टेकडी उतरताना मी विचारलं, “अक्के, हे कुणी शिकवलं तुला?”

“कोन शिकवनार? पायरीवर बसले हुते, तवाच बघितलं. तू माझ्या कानात बडबडत हुतास म्हनून तुला न्हाई दिसलं.”

“म्हणजे जन्मभर देवाला फसवलं की दाजींनी!”

“मीबी तसंच म्हनले हुते. तर ह्ये म्हनले, मी आपला दाबतो. पर त्येला खरंच फिरवायचा आसता, तर माझ्या दोन अंगठ्यांनी थांबला आसता व्हय?”

टेम्पोपाशी आलो. अक्कानं मागचं फळकं पाडलं, वळकटी ओढून काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

“घरी पोचीव,” ती म्हणाली. “मग जा तुझ्या शेवगावला.”