महाराणीच्या दरबारातली रजा

बहारीनमध्ये मराठी नाटक बसवलं की तालमी होतात चार आणि किस्से होतात चाळीस. मी प्रॉम्प्टर. त्यामुळे सगळे माझ्याकडेच जमा!

नाटक लिहिलं बँकेतल्या कुलकर्ण्यांनी. जुन्या काळचा रशिया. खेड्यातल्या एका पोराचा गळा ऐकून महाराणीची माणसं त्याला राजवाड्यात नेतात. तो दरबारी ऑपेराचा, म्हणजे त्यांच्या संगीत नाटकाचा, मोठा गायक होतो. पण घरी जायची परवानगी काही मिळत नाही.

*

गायक मिळेना. आमच्या इंजिनिअर-अकाउंटंट मंडळींनी गाऊन पाहिलं, शेजारच्यांनी दार वाजवलं!

तेवढ्यात कुलकर्णी गाडीचा एसी दुरुस्त करायला तुबलीच्या गॅरेजमध्ये गेले. गाडीखालून कुणीतरी नाट्यपद गात होतं. तो दत्ताराम, कुडाळचा. कुलकर्णी त्याला तसाच तालमीला घेऊन आले.

"आणि गाडीचा एसी?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"एसी मफी, नाहीच झाला! गायक मिळाला!"

*

दत्ताराम गावी दशावतारात काम करायचा. तिथे संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर उभं राहून सुचतील ते बोलायचे. कुलकर्ण्यांनी जाडजूड स्क्रिप्ट दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते परत केलं, वर छान कव्हर घालून!

"गोष्ट कळली. भाषणां मी बघतंय."

कुलकर्ण्यांचं बीपी तेव्हापासून वर आहे.

*

रंगीत तालमीला हॉलचा एसी बंद पडला. दत्ताराम अंगात रशियन फरकोट, म्हणजे ब्लँकेट शिवून केलेला, घालून शिडीवर चढला.

माझा मुलगा ओरडला, "बाबा, द सिंगर इज फिक्सिंग द पॅलेस!"

*

हसवणाऱ्या या माणसाला एकच काळजी होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि तीन वर्षांत तो घरी गेला नव्हता. त्याचे फोरमन पवार साताऱ्याचे. "एसीच्या सीझनला रजा? खलास!" म्हणाले. दत्तारामने पुन्हा विषय काढला नाही. मला फार वाईट वाटलं.

प्रयोगाला पवार पहिल्या रांगेत होते.

महाराणी झाल्या होत्या साने बाई. ऑफिसात एचआरला असल्याने रजा नाकारण्याचा सराव दांडगा! दुसऱ्या अंकात गायक घरी जायची परवानगी मागतो, महाराणी "नाही" म्हणते, तो मान खाली घालून गातो. एवढंच.

दत्ताराम गुडघ्यावर बसला. "महाराणीसायबानू, तीन वर्षां झाली. आवशीच्या डोळ्याचा आपरेशन आसा. पट्टी सोडतली तेव्हा तिका पयलो मी दिसाक होयो. माका सोडा."

मी विंगेतून म्हटलं, "नाही." पुन्हा म्हटलं, "नाही!" बाईंनी डोळे पुसले आणि सरळ पहिल्या रांगेकडे बघितलं.

"पवार, तुमचं काय म्हणणं आहे?"

विंगेत कुलकर्णी मटकन खाली बसले. "अहो, तिसरा अंक!"

सगळा हॉल पवारांकडे बघायला लागला. ते हळूच उभे राहिले. घसा खाकरला.

"रविवारचं तिकीट काढ, दत्ताराम. आन् आता गा की!"